देवीच्या दारात ऑप्शन फॉर्म

गुरवाच्या घरात दोन गोष्टींना कधी तोटा नसतो, नारळ आणि किस्से. नारळाच्या निदान वड्या तरी करता येतात. किश्शांचं काय करायचं? माणूस देवीपुढे हात जोडून मनातलं सगळं बोलून टाकतो, आणि आपल्या नि देवीच्या मध्ये एक गुरव उभा आहे हे साफ विसरतो. त्या गुरवाला बायको आहे हे तर कुणाच्या लक्षातही येत नाही.

मी श्रीवर्धनच्या अलीकडे एका गावात ग्रामदेवीची पूजा करतो. बी.कॉम. झालोय. गावात त्याचा उपयोग एवढाच की लोक मला 'ए गुरवा' न म्हणता 'भाऊ' म्हणतात. आमच्या देवीला कौल लावतात. तगरीच्या दोन पाकळ्या भिजवायच्या, देवीच्या दोन्ही खांद्यांना एकेक चिकटवायची, आणि ज्याचा जो प्रश्न असेल तो मी त्याच्याच शब्दांत मोठ्याने देवीला सांगायचा. देवीच्या उजव्या खांद्यावरची पाकळी आधी पडली तर हो, डाव्या खांद्यावरची पडली तर नाही. पूर्वी लोक विचारायचे, विहीर इथे खणू का, हरवलेली म्हैस सापडेल का, पोरगी या घरात देऊ का. आता बारावीचा निकाल लागला की पुढे श्रावणापर्यंत एकच विषय. सीईटी, पर्सेंटाइल, कॅप राउंड, फ्रीझ, बेटरमेंट हे सगळे शब्द देवीने माझ्या तोंडून ऐकलेत. त्यातलं तिला काही कळलं असेल तर तिलाच ठाऊक, मला अजून कळलेलं नाही.

यंदा गंमत अशी झाली की माझीच तन्वी बारावी झाली. एकुलती एक. सीईटी दिली आणि तिला इंजिनिअरिंगची सरकारी सीट लागली. कुठे? नागपूरला! म्हणजे महाराष्ट्राच्या या टोकाला आम्ही आणि त्या टोकाला कॉलेज. मी हो म्हणेना आणि नाहीही म्हणेना. सीट कन्फर्म करायची शेवटची तारीख जवळ आली, आणि ज्यांना मी आजवर कौल लावून दिले ते सगळे मला रस्त्यात अडवून विचारायला लागले, "भाऊ, तुमचा कौल लावलात का?"

नव्हता लावला. भीती वाटत होती. पण ते नंतर सांगतो, आधी दुसऱ्यांची मजा.

*

आमच्या गावातले अप्पा सुपारीचे बागायतदार. सुपारी वाळत घालायची तरी आधी पंचांग उघडतील असा माणूस. धाकट्या मुलाचा कॉलेजांच्या पसंतीचा ऑप्शन फॉर्म प्रिंट करून, भिजू नये म्हणून दुधाच्या पिशवीत घालून घेऊन आले. म्हणाले, एकेक कॉलेज विचारू. किती आहेत म्हटलं तर पान उलटून दाखवलं. मागच्या बाजूलाही होती.

लावला कौल. पहिल्या कॉलेजला उजवा. दुसऱ्याला उजवा. तिसऱ्यालाही उजवा. अप्पा आधी खूश झाले, मग गंभीर झाले, मग वैतागले. सगळ्यालाच हो म्हटलं तर पहिलं कुठलं टाकायचं? इकडे नैवेद्याचं ताट झाकून ठेवलेलं, आमची ही दारातून डोळे वटारतेय, बाहेर चार माणसं खोळंबलेली. शेवटी मी म्हटलं, "अप्पा, देवीला हो किंवा नाही एवढंच सांगता येतं. पसंतीक्रम लावणं तिच्या सिलॅबसमध्ये नाही."

अप्पांनी विचार केला आणि अगदी मनापासून म्हणाले, "बरं, मग तिला एवढं विचार, मी इतके प्रश्न विचारतोय ते तिला आवडतंय का?"

माझं वाक्य पुरं व्हायच्या आत पाकळी पडली. डावी.

*

निकालाच्या दिवशी मात्र देवळात गर्दी होते ती देवीसाठी नाही. आमच्या गावात मोबाइलला रेंज येते ती फक्त दीपमाळेच्या चौथऱ्यावर. त्यामुळे निकाल ऑनलाइन लागायच्या वेळेला सगळे आईबाप चौथऱ्यावर चढून फोन आभाळाकडे धरून उभे. लांबून बघणाऱ्याला वाटावं, सूर्याला अर्घ्य देताहेत.

पोस्टातले आमचे म्हात्रे त्यात सगळ्यांच्या पुढे. निकाल बघायला मुलाचा सीट नंबर लागतो आणि आईचं नाव लागतं. म्हात्रेंनी नंबर टाकला, बायकोचं नाव टाकलं, स्नेहल. अशी नोंद नाही म्हणून आलं. पुन्हा टाकलं, पुन्हा तेच. शेजारीपाजारी पेढ्यांच्या गोष्टी सुरू झाल्या आणि हा माणूस घामाघूम होऊन चौथऱ्यावर खाली बसला. मला जवळ बोलावून हळूच विचारलं, "भाऊ, नापास झाला की नावच काढून टाकतात का?"

तेवढ्यात म्हात्रेवहिनी अंगणवाडीतून आल्या. त्यांनी फोन हातात घेतला, काहीतरी टाइप केलं आणि निकाल उघडला. फर्स्ट क्लास. म्हात्रे आनंदाने उठले, स्क्रीनवर वाचायला लागले आणि अर्ध्यात थांबले. आईचं नाव मंदा.

"ही मंदा कोण?" म्हात्रेंनी सगळ्या गावासमोर विचारलं.

"मी," वहिनी म्हणाल्या. "तुमच्या आधीपासून आहे."

लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने स्नेहल लिहिलं होतं ते म्हात्रेंनीच. मुलाला पहिलीत घालायला मात्र वहिनी एकट्या गेल्या होत्या आणि मास्तरांनी नाव विचारलं तेव्हा त्यांनी आपलं नाव सांगितलं होतं. निकालाच्या त्या दिवसापासून म्हात्रे घरात त्यांना काय हाक मारतात ते मला माहीत नाही. पोस्टात मात्र कुणी मंदाबाई पेन्शनीला आल्या की बिचारे दचकतात.

*

हायस्कूलचे फिजिक्सचे सर. देवधर्मावर विश्वास नाही, आणि ते न विचारता सांगायची सवय. त्यांच्या मुलीची सीईटी जरा कमी पडली त्या वर्षी भर दुपारी, देऊळ रिकामं असताना आले. म्हणाले, सहज आलो, या खांबांवरचं कोरीवकाम बघायचं होतं. आमचे खांब सिमेंटचे आहेत.

मी विचारलं, सर, कौल लावू का? नको नको, म्हणाले, आणि पाकळी कशी चिकटते, पाणी सुकल्यावर कशी सुटते, ओल कमीजास्त असली की कुठली आधी पडेल, हे सगळं मला नीट समजावून सांगितलं. ऐकून मलाही पटलं. मग चप्पल घालता घालता थांबले. "पण प्रयोग म्हणून लावायचाच झाला, तर एका रीडिंगवर जायचं नाही. तीन घ्यायची आणि सरासरी काढायची."

घेतली तीन. एक उजवा, एक डावा, आणि तिसऱ्या वेळी दोन्ही पाकळ्या चिकटून बसल्या त्या संध्याकाळच्या आरतीपर्यंत पडल्याच नाहीत. सर आरतीपर्यंत थांबले होते.

*

कोळीवाड्यातला पांडू नाखवा, म्हणजे स्वतःच्या बोटीचा मालक, आला तो आषाढात. होड्या वर ओढून ठेवलेल्या, माणसाला विचार करायला वेळच वेळ. त्याचा मुलगा बारावी पास झाला होता आणि पांडूला तो बोटीवर हवा होता. खलाशी मिळत नाहीत, मिळाले तर टिकत नाहीत, आणि घरचं माणूस ते घरचं माणूस. त्याने विचारलं, पोऱ्यानं बोटीवर यावं का? उजवा पडला. पांडू नारळ फोडून खुशीत गेला.

दुपारी त्याची बायको हिरा आली, डोक्यावरची पाटी पायरीवर ठेवली आणि म्हणाली, विचार तिला, पोऱ्यानं कॉलेजात जावं का? मी तिला सकाळचं काहीच बोललो नाही. मला तरी काय गरज? लावला कौल. उजवा.

संध्याकाळी दोघं एकदम आली, म्हणजे घरात काय झालं असेल ते समजा. पांडूचं म्हणणं, दुपारचा कौल रद्द, सकाळी एकदा निकाल लागलाय. सगळा दोष माझ्यावर येणार अशी चिन्हं दिसायला लागली. तेवढ्यात हिराच म्हणाली, "आई बाईमानूस हाय. तुला बी व्हय बोलली, मला बी व्हय बोलली. तिला घरात भांडान नको. आता पोऱ्याला जाऊ दे कॉलेजात."

पांडूने एकदा देवीकडे बघितलं, एकदा बायकोकडे. "दोगी एकाच माळंच्या," म्हणाला आणि टोपी घालून निघून गेला. पोरगा आता पनवेलला शिकतो.

*

हे सगळं तन्वीच्या डोळ्यांदेखत घडलेलं. लहानपणापासून सकाळची फुलं काढायचं आणि पाकळ्या सुट्या करायचं काम तिचं. मंडपात बसून सगळं ऐकायची आणि रात्री जेवताना अप्पांची, सरांची नक्कल करून आम्हाला हसवायची. तीच आता नागपूरला जायचं म्हणत होती आणि मी काय वाटेल ती कारणं काढत होतो. तिथे ऊन फार. तिथलं जेवण तिखट. एकदा तर मी म्हटलं, "अगं, तिथे समुद्र नाही."

"बाबा, मला इंजिनिअर व्हायचंय. नाखवा नाही."

खरं कारण यातलं एकही नव्हतं. ही पोरगी गेली की संध्याकाळी देवळातून घरी गेल्यावर कुणाशी बोलायचं, हा माझा प्रश्न होता. आमची ही बोलते, पण ती कामाचंच बोलते. बापाने असं पोरीजवळ म्हणायचं कसं? म्हणून मग ऊन आणि तिखट.

*

बँकेतल्या शेडगेंचा किस्सा थोडा वेगळा, यात बळी बापाचा गेला. शेडगेवहिनींनी देवीपुढे नेम धरला की मुलाची अ‍ॅडमिशन पक्की होईपर्यंत मासे खाणार नाही. वहिनी खाणार नाहीत म्हणजे घरात शिजणार नाही, हे शेडगेंना दुसऱ्या दिवशी जेवायला बसल्यावर कळलं.

पावसाळ्यात मासेमारी बंदच असते, त्यामुळे सुरुवातीला निभावलं. तरी एकदा शेडगे मला गाठून विचारून गेलेच, "भाऊ, सुकट मासळीत धरतात का हो?" मी म्हटलं, देवीला विचारू. नको म्हणाले, ती बायकोला सांगेल.

मुलाला पहिल्या फेरीत सिव्हिल मिळालं होतं. त्याला हवं होतं कॉम्प्युटर. म्हणून तो बेटरमेंटला, म्हणजे पुढच्या फेरीत आणखी चांगलं मिळेल या आशेवर, थांबला. दुसऱ्या फेरीतही सिव्हिल. तो तिसरीला थांबला. तिसरी फेरी पुढे ढकलली. दरम्यान नारळी पौर्णिमा झाली, होड्या सुटल्या, आणि बंदरावर पापलेट आलं. शेडगेंची बँक बंदराच्या वाटेवरच. माणूस रोज खिडकीतून पाट्या जाताना बघायचा आणि लोकांच्या स्लिपांवर शिक्के मारायचा.

चौथ्या दिवशी त्यांनी मुलाला समोर बसवला आणि सिव्हिल इंजिनिअरिंग या विषयावर असं काही बोलले की पोरगा थक्क झाला. धरणं, पूल, धक्के, देशाची उभारणी. कॉम्प्युटर काय, उद्या बंद पडतील, घरं लोकांना लागतच राहणार. बोलता बोलता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. वडिलांना आपल्याबद्दल एवढं वाटतं हे पोराला पहिल्यांदाच कळलं आणि त्याने तिथल्या तिथे सिव्हिलची सीट फ्रीझ केली, म्हणजे पक्की करून टाकली.

पोरगा आता उत्तम सिव्हिल इंजिनिअर होतोय. वडिलांनी मला दिशा दिली, असं सगळ्यांना सांगतो. शेडगे त्या वेळी दुसरीकडे बघतात.

*

कामोठ्याला राहणारं एक जोडपं, मूळचं आमच्याच गावचं. सुट्टी मिळेना म्हणून त्यांनी व्हिडिओ कॉलवर कौल मागितला. फॉर्म भरायचा शेवटचा तास. मुलाला पुण्याला घालायचं की नवी मुंबईतच ठेवायचं हा वाद. मी पाकळ्या लावल्या, रेंजसाठी दीपमाळेच्या चौथऱ्यावर चढून फोन गाभाऱ्याकडे धरला आणि तिथूनच गाऱ्हाणं घातलं, "आई, लेकराला नवी मुंबईतच ठेवायचा का?" पाकळी पडली, देवीच्या उजव्या खांद्यावरची. म्हणजे हो, ठेवा.

पण देवी आपल्याकडे तोंड करून बसलीय. तिचा उजवा खांदा आपल्या डाव्या हाताला येतो. गावातल्या शेंबड्या पोराला हे माहीत असतं. कामोठ्यात राहून राहून हे दोघे विसरले होते. फोनमध्ये त्यांना पाकळी डावीकडे पडलेली दिसली, दोघांनी एकदम हात जोडले आणि फोन कट. मी परत लावला, लागेना. आणखी लावला, एंगेज. लागला तेव्हा त्यांनी पुण्याचा फॉर्म भरूनसुद्धा टाकला होता, आणि आवाजात असं समाधान होतं की मी नुसतं अभिनंदन करून फोन ठेवला.

मुलगा पुण्यात पहिल्या वर्षापासून वर्गात वरचा नंबर काढतोय. दर चैत्रात तिघं येतात, देवीची ओटी भरतात. आईने अगदी वेळेवर डोळे उघडले, म्हणतात. मी ओटी देवीपुढे ठेवतो. आमची ही देवीतर्फे त्यांना वड्या बांधून देते. देवीही काही बोलत नाही.

*

आणि आता माझं. शेवटच्या तारखेच्या दिवशी सकाळी पूजा आटोपली होती. मंडपात अप्पा होते, हिरा होती, आमची ही तांदूळ निवडत बसली होती. तन्वी न्हाऊन, ओढणी घेऊन आली आणि नेहमीसारखी फुलांच्या परडीकडे न जाता भक्तांच्या बाजूला, उंबऱ्याबाहेर हात जोडून उभी राहिली.

"भाऊ," ती म्हणाली, "कौल लावायचाय."

अख्ख्या आयुष्यात तिने मला भाऊ म्हटलं नव्हतं. अप्पा हसले, हिराने पदर तोंडाला लावला. मी म्हटलं, चेष्टा पुरे. ती म्हणाली, चेष्टा नाही, देवळात आलेल्याला नाही म्हणता येत नाही. हे खरं होतं. मी पाकळ्या भिजवल्या, देवीच्या खांद्यांना लावल्या आणि ती 'नागपूरला जाऊ का' म्हणेल म्हणून थांबलो. उजवा पडला तर पोरगी जाणार, डावा पडला तर जन्मभर मला बोलणार.

"विचारा," तन्वी म्हणाली, "माझ्या बाबांना माझ्याशिवाय जमेल का?"

मी वळून बघितलं. ती देवीकडे बघत होती. विचारणाऱ्याचा प्रश्न त्याच्याच शब्दांत सांगायचा, त्यात बदल करायचा नाही, हे आमच्या घरात सात पिढ्या चालत आलंय. "आई, हे लेकरू तुला विचारतंय," एवढं म्हटलं आणि मी समईची वात पुढे सारली. आमच्या हिने तांदळाचं सूप बाजूला ठेवलं. मग मी म्हटलं, "हिच्या बापाला हिच्याशिवाय जमेल का?"

पाकळी पडली. डावी.

खोटं कशाला बोलू, मला आतून फार बरं वाटलं. देवीनेच सांगितलं, मला सांगावं लागलं नाही. मी तन्वीला म्हटलं, बघितलंस ना, आई काय म्हणतेय?

"ते मलाही माहीत होतं," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज खणखणीत. "आता दुसरा प्रश्न. हळूहळू शिकतील का?"

मी नव्या पाकळ्या घेतल्या. त्या लागता लागेनात. शेवटी लागल्या. मी देवीला विचारलं, आणि सगळे माना उंच करून देवीच्या खांद्यांकडे बघायला लागले.

तन्वीने घंटा वाजवली, ताटातला खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला आणि चपला पायात सरकवल्या.

"पडला की हाक मारा, बाबा," ती म्हणाली. "मी बॅग भरायला घेते."